मदत हवी आहे: मेंदूला मार लागल्यानंतरच्या पुनर्वसनासाठी पीएमआर (फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन) डॉक्टर

नमस्कार. धागा चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी कृपया हलवावा.

माझे धाकटे दीर, वय ३४, गणपतीच्या आधी बाईकवरून पडले. हेल्मेट नव्हतं. (त्यावर घरात भरपूर बोलून झालंय, इथे नको.) मिरजेला नेलं तेव्हा ग्लासगो स्कोअर (शुद्ध किती आहे याचं माप) ६ होता. मेंदूत रक्तस्राव आणि सूज, म्हणून त्याच रात्री उजव्या बाजूचं कवटीचं हाड काढून पोटाच्या कातडीखाली ठेवलं. व्हेंटिलेटर, गळ्यातली नळी सगळं होऊन दिवाळीनंतर घरी आले. सर्जननी जीव वाचवला, त्यांच्याबद्दल काडीची तक्रार नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर पुढचं सगळं एका ओळीत: फिजिओ चालू ठेवा, महिन्याने दाखवा.

आता घरची स्थिती. धरून चालवलं तर अंगणापर्यंत जातात. डावा हात मात्र कोपरात दुमडलेला आणि मूठ इतकी घट्ट की नखं तळहातात रुततात. रुमालाची गुंडाळी घालून ठेवतो. ती काढून तळवा पुसायला आम्हा दोघी जावांना लागावं लागतं. पाणी प्यायलं की ठसका. उजव्या हाताने जेवतात, भाजी-आमटी संपवतात, पण चटणी-कोशिंबिरीला हात नाही, आणि वर 'मला मीठसुद्धा वाढलं नाही' म्हणून आल्यागेल्याला सांगतात. संध्याकाळ झाली की लहान मुलीवर खेकसतात, पलंगावरून उठून जायला बघतात. पूर्वी या माणसाने कधी आवाज चढवला नव्हता. त्यासाठी झोपेची गोळी मिळाली, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगी आणि फिजिओ बुडतो.

हाडाचं न्यूरोसर्जन बघणार, फिटच्या गोळ्या न्यूरोफिजिशियनच्या, गुंगीची गोळी तिसऱ्यांची, आणि हाताला ऑर्थो म्हणाले, हा असाच राहणार. प्रत्येकाची वेगळी फाईल. नात्यातल्या एक सिस्टर म्हणाल्या की फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनचे एमडी डॉक्टर असतात, त्यांतले काही मेंदूच्या दुखापतीचंच काम करतात, त्यांना गाठा. आम्ही विट्याचे. असे डॉक्टर नेमकं काय करतात? पहिल्या भेटीत काय विचारायचं? अ‍ॅडमिट करावं लागतं का? अनुभव असेल त्यांनी लिहा. 'सगळं ठीक होईल' नको, ते रोज ऐकतोय.

प्रतिसाद:

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून उपचार देणं हे माझं काम). पेशंट न बघता औषध सांगणार नाही, पण सिस्टर बरोबर सांगतायत. हे डॉक्टर मेंदूचं ऑपरेशन करत नाहीत. चारही फायली एकत्र वाचून कुठली गोळी कुठल्या सुधारणेच्या आड येतेय ते बघतात आणि फिजिओ, ऑक्युपेशनल, स्पीच थेरपी कशासाठी आणि किती, हे ठरवतात. तुमचं गुंगी-फिजिओचं त्रांगडं त्यांच्याच टेबलावरचं. चिडचिडीला गोळी वाढवण्याआधी ते बद्धकोष्ठ, लघवीचं इन्फेक्शन, कुठे दुखतंय का, हे तपासतील. संध्याकाळचा एक व्हिडिओ मोबाईलवर काढून न्या. ओपीडीत सकाळी पेशंट शहाण्यासारखा बसतो आणि घरचे खोटे पडतात.

हात 'असाच राहणार' हे इतक्यात मानू नका. कडकपणा स्नायूंचा आहे की सांध्याभोवती नवं हाड धरलंय, हे आधी एक्सरेत बघायचं. डोक्याच्या दुखापतीत कोपर आणि खुब्याला असं हाड वाढू शकतं. स्नायूंचा असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनची (स्नायू सैल करणारी) इंजेक्शनं देता येतात. असर साधारण तीन महिने, महाग असतात, आणि त्या काळात स्प्लिंट (हात योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) व ताण देण्याचे व्यायाम झाले नाहीत तर पैसे पाण्यात. स्नायूंचा कडकपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळीने गुंगी वाढू शकते, म्हणून एकाच हातासाठी इंजेक्शनचा विचार होतो.

मिठाचं: ते खोटं बोलत नाहीत. मीठ-चटणी-कोशिंबीर आपण ताटात डावीकडे वाढतो. मेंदूच्या उजव्या बाजूला मार लागला की कधीकधी डोळे नीट असूनही डावीकडे लक्षच जात नाही. तपासणीत हे आवर्जून सांगा. ठसक्यासाठी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या, तोवर त्यांना ताठ बसवूनच पाजा. हाड परत बसेपर्यंत उजव्या कुशीवर झोपवू नका, चालवताना डोक्याला संरक्षक टोपी. आणि चालणं सुधारत असताना अचानक बिघडलं, झोप वाढली, कपड्यात लघवी होऊ लागली, तर महिन्याची वाट न बघता सर्जनना गाठा. मेंदूत पाणी साठलंय का, ते सीटी स्कॅनमध्ये बघावं लागतं.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. थेरपीपासून स्प्लिंट बनवण्यापर्यंत एकाच आवारात होतं. पण आधी पुण्यात पीएमआर ओपीडी शोधा. अ‍ॅडमिट करायचं की घरूनच, हे तपासल्यावर तेच सांगतील.

धागाकर्ती:

खूप आभार. आज लिंबाची फोड ताटात उजवीकडे ठेवली, लगेच उचलली! कोपराचा एक्सरे इथेच काढून घेतो. हाजी अलीला जावंच लागलं तर बरोबरच्या दोघांची राहायची सोय जवळपास स्वस्तात कुठे होईल? आणि विटा ते मुंबई गाडीत एवढा वेळ त्यांना बसवून न्यायचं की आडवं?