आयसीयूतली ड्युटी संपल्यावर मन कसं ताळ्यावर आणता? (अनुभव धागा)

रातपाळी:
काल नवीन वॉशिंग मशीन टीं-टीं वाजलं आणि मी पोळी तव्यावर टाकून धावले, बोट अलार्म बंद करायला वर! आयसीयू सोडून तीन वर्षं झालीत. लेक हसली, मला एप्रिल २०२१ आठवला. बारा व्हेंटिलेटर, आम्ही चौघी. एका आजोबांच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून दिला होता, फोन प्लास्टिकच्या पिशवीत. म्हणाला, "सिस्टर, कपाळावरून हात फिरवा ना त्यांच्या." फिरवला. दोन ग्लोव्हजमधून काय कळलं असेल त्यांना?
आमच्या इन-चार्ज बाई ओव्हर दिल्यावर (पुढच्या पाळीला पेशंट सोपवून झाले की) सगळ्यांना जिन्यात बसवायच्या. चहा, आणि एकच प्रश्न: "आज काय घरी नेताय?" रडायचं ते तिथंच. मी तगले ती त्या जिन्यामुळे. तुमचं सांगा.

नाशिककर ब्रदर:
कुणाची गाडी रिव्हर्सला वाजली तरी मी मॉनिटर शोधतो. ड्युटी सुटली की अर्धा तास गोदाकाठी बसून मगच घरी. बायकोला वर्षभर वाटत होतं पत्ते खेळतो.

तिखटमीठ:
आमच्याकडे मन खंबीर करायचं वर्कशॉप झालं. नाइट करून आलेल्यांना, सकाळी ९ ते १! श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. शेजारची घोरत होती. नर्सिंग कौन्सिल म्हणतं आयसीयूत एका पेशंटला एक सिस्टर, आमच्यात एकीला तीन. आधी माणसं द्या, मग घेतो श्वास.

कोकणी मेवा:
+१ तिखटमीठ. रातपाळी, मशीन फ्रंट लोड का गं? आमच्याकडे पाण्याची बोंब.

रातपाळी:
टॉप लोड. वाजणं बंद करता येतं, आज कळलं.

परदेशस्थ:
इथे पेशंट गेला की मिनिटभर सगळे बेडभोवती गप्प उभे राहतो. अमेरिकेतल्या एका नर्सने सुरू केलेली पद्धत, 'द पॉज'. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मिरजेच्या हॉस्पिटलातल्या आमच्या वॉर्डच्या मावशी आठवल्या. बॉडी पॅक करण्याआधी केस विंचरायच्या, "जा बाबा सुखानं" म्हणायच्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

नाशिककर ब्रदर:
मावशींना नमस्कार.

कोकणी मेवा:
नाइटला निघालेय, बाकीचं उद्या वाचते. बेड ४ च्या काकांची घशातली श्वासाची ट्यूब निघाली दुपारी. पहिला शब्द "चहा". गिळायची टेस्ट बाकी, म्हणून दिला नाही. जाम चिडलेत माझ्यावर.