मोजमापात नापास व्हॉल्व्ह कानाला पास कसा होतो?

पंचवटीकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात घरी दोन अ‍ॅम्प्लिफायर शेजारी शेजारी मांडले. एक व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्यांचा. ईएल३४ जातीच्या, एका चॅनलला एकच व्हॉल्व्ह, ट्रायोड जोडणी (व्हॉल्व्ह जोडायची एक पद्धत), जेमतेम पाच-सहा वॅट. नाशिकरोडच्या एका हौशी माणसाने जोडलेला. दुसरा पंजाएवढा, क्लास-डी (झटपट चालू-बंद होणाऱ्या स्विचिंगवर चालणाऱ्या) चिपचा, पहिल्याच्या दहाव्या हिश्श्यात आलेला. स्पीकर दोन्हींना तेच.

अंबडला नोकरी करणारा मित्र लॅपटॉप आणि साउंड कार्ड घेऊन आला (इथे 'मोजपट्टी' नावाने लिहितो, येईलच भांडायला). एक वॅटला व्हॉल्व्हची विकृती (मूळ आवाजात नसलेलं, डब्याने स्वतः मिसळलेलं) साधारण एक टक्का, पाच वॅटला तीनच्या वर. चिपची ०.००५. म्हणाला, "तुझा डबा नापास." मग ऐकायला बसलो, आणि तासाभराने हाच गृहस्थ म्हणतो, "तो डबाच लाव परत, एक बंदिश ऐकू."

माझं म्हणणं असं. मोजमाप खोटं नाही. पण टीएचडी (टोटल हार्मोनिक डिस्टॉर्शन, एकूण विकृतीची टक्केवारी) नावाचा आकडा सगळ्या विकृतीला एकाच तराजूत घालतो आणि कान तसं करत नाही.

२४० हर्ट्‌झचा सा घ्या. अ‍ॅम्प्लिफायरने त्यात दुप्पट कंपनांचा सूर मिसळला तर तो ४८०, म्हणजे तार सा. तिप्पट ७२०, म्हणजे तार पंचम. पाचपट १२००, गंधार. इथवर सगळी आपलीच माणसं. सातपट १६८० मात्र कोमल निषादाच्याही खाली घसरलेला, आपल्या कुठल्याच स्वरात न बसणारा. त्यातून मोठा सूर आपल्या जवळचे बारीक सूर झाकून टाकतो. या दुप्पट-तिप्पट सुरांना म्हणतात हार्मोनिक. दुसरा हार्मोनिक मूळ सुराच्या सावलीत लपतो, सातवा-नववा उघडे पडतात. एकट्या व्हॉल्व्हची विकृती बहुतांशी दुसऱ्याची असते.

हे मी शोधलेलं नाही. बीबीसीचे शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवलं होतं की प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या क्रमांकाचा वर्ग भागिले चार इतकं वजन द्या. त्या हिशेबाने दुसऱ्याचं वजन १, सातव्याचं सव्वाबारा. पण जाहिरातीत एकच आकडा छापायला सोपा, म्हणून टीएचडी टिकला.

मोजपट्टी

आलो.

बंदिश परत लावायला सांगितली हे खरं. पण त्या दिवशी आवाज कानाने जुळवला होता, मीटरने नाही. अर्धा डेसिबल जास्त असलेला अ‍ॅम्प 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. ही चूक माझीही, कबूल.

आता मुद्दा. तुझ्या दुसऱ्या हार्मोनिकची कथा गोड आहे, पण चोर दुसराच आहे. तुझ्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स (त्याच्या आतला विजेला होणारा अडथळा) मी मोजला, सुमारे ३ ओहम. चिपचा जवळजवळ शून्य. स्पीकरवर ८ ओहम छापलंय, पण ते नावापुरतं. तुझ्या स्पीकरचा इम्पिडन्स कुठे ४ वर येतो, तर खालच्या रेझोनन्सला (ज्या खालच्या सुराला स्पीकर आपणहून जास्त थरथरतो तिथे) ३० वर जातो. तीन ओहमच्या मागून ४ ओहमला व्होल्टेज पोचतं ५७ टक्के, ३० ओहमला ९१ टक्के. म्हणजे ४ डेसिबलचा चढउतार! तुझा व्हॉल्व्ह टोन कंट्रोलचं काम करतोय आणि तू त्याला सुरांचं अध्यात्म म्हणतोस.

१९८५ साली बॉब कार्व्हर या अमेरिकन अ‍ॅम्प बनवणाऱ्याने 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं होतं की तुमचा महागडा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प मी माझ्या ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पमध्ये उतरवतो. दोघांच्या आउटपुटची वजाबाकी करत, फरक उरेनासा होईपर्यंत जुळवत गेला. संपादकांना शेवटी ओळखता आलं नाही.

आणि व्हॉल्व्ह म्हणजे विकृती हेही चूक. विल्यमसन या ब्रिटिश इंजिनिअरचा १९४७ चा अ‍ॅम्प व्हॉल्व्हचाच, १५ वॅटला ०.१ टक्क्याच्या आत. त्या पिढीने विकृती घालवायला रक्त आटवलं. तुम्ही ती पैसे मोजून घरी आणताय.

जवारी

मोजपट्टी साहेब, मी गाणं शिकते, मला ओहम कळत नाहीत. पण "विकृती" हा शब्द तुम्ही ज्या तुच्छतेने वापरता त्यावर आक्षेप आहे.

तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवतो ना, ती जवारी. दोरा काढला तर तार शुद्ध वाजते आणि तानपुरा मरतो. दोरा नेमक्या जागी आला की तार घोडीला घासत सुटते, त्यातून वरचे सूर फुलतात आणि कोणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. तुमच्या लॅपटॉपला तानपुरा दाखवला तर तोही "नापास" म्हणेल.

दुसरं. पंचवटीकरांकडे तो अ‍ॅम्प मी ऐकलाय. त्यावर किराणा गायकी ऐकताना तानपुरा गवयाच्या मागे न राहता भोवती येतो. 'वॉर्म' वगैरे इंग्रजी विशेषणं मला नकोत. आमची आजी म्हणायची, "रेडिओचा आवाज भरदार आहे." तेवढं पुरे.

मोजपट्टी

ताई, तानपुरा वाद्य आहे. त्याने सूर निर्माण करायचे. अ‍ॅम्पचं काम पोस्टमनचं, पत्र पोचवायचं. पत्रात स्वतःच्या दोन ओळी घालणारा पोस्टमन चालेल का?

पण तुमच्याच भाषेत उत्तर देतो, कारण ते मला स्वतःला आवडलंय. जो अ‍ॅम्प दुसरा हार्मोनिक घालतो, तो दोन सूर एकत्र आले की त्यांची बेरीज आणि वजाबाकीही घालतो. सा २४० आणि प ३६० घ्या. वजाबाकी १२०, म्हणजे मंद्र सा. बेरीज ६००, म्हणजे तार गंधार, बरोबर ५:४. तुमचा न छेडलेला गंधार थोडा या डब्यातूनही येतोय.

खूष झालात? आता सा २४० आणि कोमल रे २५६. बेरीज ४९६. तार सा ४८०, तार कोमल रे ५१२. दोघांच्या बरोब्बर मधे लोंबकळणारा, कुठल्याच रागाचा नसलेला सूर. आता वीस व्हायोलिनं, तबला, कोरस असं चित्रपटगीत लावा आणि अशा किती जोड्या होतात ते मोजा. त्या दिवशी ऑर्केस्ट्राचं गाणं लावलं तेव्हा पंचवटीकराने दुसऱ्या मिनिटाला बदललं. ते त्याने धाग्यात लिहिलं नाही.

पंचवटीकर

लिहायचं राहिलं. आवाज चोंदल्यासारखा झाला होता, खरंय. पण मग एकच गायक, एक तानपुरा ऐकणाऱ्याला हा डबा का आवडतो याचं उत्तर तूच दिलंस की.

सातपूरचा वाइंडर

दोघंही एक गोष्ट विसरताय भाऊ. दुसरा हार्मोनिक हा सगळ्या व्हॉल्व्हचा गुण नाही, सिंगल-एंडेडचा (एका चॅनलला एकच व्हॉल्व्ह) आहे. दोन व्हॉल्व्ह पुश-पुलमध्ये (एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो असे) लावले की सम हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारतात, उरतो मुख्यतः तिसरा. जुन्या मोठ्या रेडिओग्रामांत बऱ्याचदा पुश-पुलच असायचं. लोक आजोबांच्या रेडिओग्रामची आठवण काढून सिंगल-एंडेड विकत घेतात, दोघांचा स्वभावच वेगळा.

आणि अर्धा आवाज ट्रान्सफॉर्मरचा असतो. व्हॉल्व्हला हवेत ३२०० ओहम, स्पीकर ८ चा, म्हणजे वेढ्यांचं गुणोत्तर २० ला १. सिंगल-एंडेडमध्ये प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांतून) सतत डीसी वाहतो, म्हणून ई-आय स्टॅम्पिंग (ई आणि आय आकाराचे लोखंडी पत्रे) उलटसुलट न गुंफता एका बाजूने भरून मधे कागदाचा गॅप ठेवावा लागतो. तो चुकला की कोअर भरून जातो, म्हणजे लोखंड आणखी चुंबकत्व घेत नाही, आणि खालचा आवाज आधी गचाळ, मग गायब. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी "व्हॉल्व्ह बदलले तरी बेस नाही" अशा असतात. लोक रशियन काढून स्लोवाकियाचे लावतात, तरी दोष गॅपमध्येच. कधी कोणी बंगळुरूच्या बेलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) जुने व्हॉल्व्ह घेऊन येतं, ते मात्र हातात घ्यायला आवडतात.

पंचवटीकर, तुमचा ट्रान्सफॉर्मर कोणी गुंडाळलाय? एकदा आणा, बघतो. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट बसलेले असतात, उघडताना एक हात खिशात.

फुकटचा सल्ला

पाच वॅटला एवढे पैसे. तेवढ्यात माझं मिसळीचं वर्षाचं बिल भागेल. अंधारात लाल तार पेटलेली दिसते म्हणून आवाज गोड लागतो. डोळे बांधून ओळखून दाखवा, मग बोलू.

ओझरकर

मी ओझरच्या कारखान्यातून निवृत्त. आमच्याकडे मिग-२१ व्हायची. १९७६ साली सोव्हिएत वैमानिक बेलेंको मिग-२५ घेऊन जपानला हाकोदातेला उतरला, तिथे ते विमान उघडलं तर आत व्हॉल्व्ह. बरेच जण हसले होते. असो, याचा गाण्याशी संबंध नाही, व्हॉल्व्ह म्हटलं की आठवतं.

संबंध असलेली गोष्ट ही, की व्हॉल्व्हची कीर्ती व्हॉल्व्हने कमी आणि साठच्या दशकातल्या ट्रान्झिस्टरने जास्त वाढवली. त्या अ‍ॅम्पमध्ये लाटेची वरची बाजू एक ट्रान्झिस्टर सांभाळायचा, खालची दुसरा. शून्यापाशी एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं. ती अदलाबदल नीट बसवली नाही तर तिथे लाटेला खाच पडते. या खाचेतून निघतात ते वरचे हार्मोनिक, पंचवटीकर म्हणतात तेच सातवे-नववे. आणि खाचेची लांबी-रुंदी आवाजाबरोबर कमी होत नाही. म्हणजे गाणं जितकं हळू, तितका तिचा वाटा मोठा. व्हॉल्व्हचं उलट, आवाज कमी केला की विकृतीही कमी.

मोजायचे मात्र पूर्ण ताकदीवर. कागदावर ट्रान्झिस्टर जिंकायचा आणि रात्री हळू आवाजात रेडिओ ऐकणाऱ्या माणसाला कानात वाळू गेल्यासारखं व्हायचं. त्या काळी तो माणूस बरोबर होता. आजच्या चिपला तो दोष लावणं मात्र अन्याय आहे.

मोजपट्टी

काका, हे पटलं. मीसुद्धा एक आणि पाच वॅटला मोजलं. पंचवटीकर प्रत्यक्षात रात्री पाव वॅटच्या आत ऐकतो, कारण खाली त्याचे वडील झोपतात. तिथे मोजायला हवं होतं.

आता प्रयोग. महात्मा गांधी रोडवरून ३.३ ओहमचे, १० वॅटचे, वायरवाउंड दोन रेझिस्टर आण. चिपच्या अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे प्रत्येकी एक घाल. आवाज साधारण ३ डेसिबलने पडेल, तो वाढवून मीटरने जुळव. मग डोळे बांध.

पंचवटीकर

केलं. रविवारी दुपारी, बाहेर चाळीस अंश, व्हॉल्व्हची शेगडी पेटलेली आणि पंखा बंद, कारण पंखा लावला की पंखाच ऐकू येतो. बायको पडद्यामागे तारा बदलत होती. तिने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पहिली फेरी, रेझिस्टरशिवाय: दहापैकी नऊ वेळा व्हॉल्व्ह ओळखला. फुकटचा सल्ला, डोळे बांधलेले होते.

दुसरी फेरी, चिपला रेझिस्टर लावून: दहापैकी सहा. तिसऱ्या वेळेपासूनच मी अंदाज मारत होतो. चिपमधून तोच भरदारपणा येत होता, तोच खालचा घुमारा. तीस रुपयांच्या रेझिस्टरने. मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

जवारीताई पण आल्या होत्या. त्यांनी गाणं नको म्हटलं, नुसत्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. रेझिस्टर लावलेला असताना दहापैकी आठ.

जवारी

मी गंधार ऐकत होते. एकात तो आधीच असतो, दुसऱ्यात येतो आणि जातो. याहून नीट सांगता येत नाही.

मोजपट्टी

नऊ मान्य, नाणं उडवून नऊ किंवा जास्त येण्याची शक्यता एक टक्का. आठ किंवा जास्त मात्र अठरा वेळांत एकदा नुसत्या नशिबानेही येतं. शिवाय वहिनींना माहीत होतं कोणता चालू आहे, खोकल्या असतील. ताई, वीस वेळा करू. मी रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) डबा बनवतो, तारा कोणीच बदलायच्या नाहीत. तानपुरा तुमचा खरा आणा, तिथेच रेकॉर्ड करू, म्हणजे रेकॉर्डिंगमधली विकृती हा वाद नको.

फुकटचा सल्ला

तीस रुपयांत काम होतंय तर डबा विकणार का? पाच वॅटचे किती घेणार?

पंचवटीकर

विकणार नाही.

सातपूरचा वाइंडर

रेझिस्टर किती तापतो ते पाहिलंत का? पाच वॅट स्पीकरला गेले तर दोन वॅट त्यात जिरतात. प्लायवर ठेवू नका. आणि तो ट्रान्सफॉर्मर आणाच.