बॉम्बे रक्तगट आणि ग्लायकोलिपिड

प्रश्न: मावशीचा रक्तगट आधी ‘ओ’ सांगितला होता, पण रक्तपेढीत ओ गटाच्या प्रत्येक पिशवीशी जुळवणी करताना नळीत पेशींचे पुंजके दिसले आणि गट ‘बॉम्बे’ निघाला. याचा ग्लायकोलिपिडांशी काय संबंध आहे?

उत्तर: तांबड्या पेशीच्या आवरणातील स्निग्ध रेणूंना व प्रथिनांना शर्करांच्या साखळ्या जोडलेल्या असतात (साखळी जोडलेला स्निग्ध रेणू म्हणजे ग्लायकोलिपिड), त्यांच्या टोकाला फ्यूकोज ही शर्करा लागली की ‘एच’ प्रतिजन, म्हणजे पेशीची एक ओळखखूण, तयार होतो आणि त्यावरच ए किंवा बी घडतो. मावशींकडे हा पायाच नाही, म्हणून ओ रक्तातील भरपूर ‘एच’ त्यांच्या शरीराला परका वाटतो. हा गट डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईतून नोंदवला. मावशींना बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते. तशी चिठ्ठी त्यांच्या पर्समध्ये कायम ठेवा.

दुसरे उत्तर: ग्लायकोलिपिडांचा संबंध रक्तगटापुरताच नाही; कॉलऱ्याचे विषही आतड्याच्या पेशींवरील जीएम१ या ग्लायकोलिपिडाला चिकटूनच आत शिरते.