नादम आणि मंगोलियाचा स्वातंत्र्यदिन

नादम या मंगोलियातल्या पारंपरिक क्रीडा-उत्सवाला एकांनी 'मंगोलियाचा स्वातंत्र्यदिन' म्हटलं आहे, त्यात थोडी भर घालतो. ११ जुलैला सुरू होणारं नादम १९२१च्या क्रांतीशी जोडलेलं आहे. चीनच्या चिंग साम्राज्यापासून स्वातंत्र्य जाहीर झालं ते १९११ साली, आणि त्याची सुट्टी असते २९ डिसेंबरला. खेळ मात्र या दोन्ही घटनांच्या कितीतरी आधीपासूनचे: कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि तिरंदाजी. २०१०मध्ये युनेस्कोने नादमला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आपल्याकडच्या कुस्तीशौकिनांनी तिथली कुस्ती एकदा जरूर पाहावी. वजनगट नाहीत. आपल्याकडे पाठ टेकवून चितपट करावं लागतं, तिथे गुडघा किंवा कोपर टेकलं तरी खेळ संपला. मग हरलेला जिंकलेल्याच्या हाताखालून वाकून जातो आणि जिंकलेला हात पसरून गरुडासारखा नाचतो. सलग पाच कुस्त्या मारल्या की 'ससाणा' हा किताब, सात मारल्या की 'हत्ती', शेवटपर्यंत टिकला तो 'सिंह'.

शर्यतीत घोड्यांचे गट वयानुसार पडतात आणि माळरानावर मैलोनमैल दौड होते. दोन वर्षांच्या शिंगरांमध्ये जे सगळ्यात शेवटी येतं, त्याच्यासाठीही गाणं म्हणतात, पुढच्या वर्षी पहिलं ये म्हणून शुभेच्छा देतात. मला नादममधलं हेच सगळ्यात जास्त आवडतं. काळजी वाटते ती लहान मुलांची, कारण घोड्यावर स्वार तीच असतात आणि पडून जबर दुखापती होतात. सुरक्षेचे नियम आहेत, पण ते आणखी कडक हवेत असं माझं स्पष्ट मत आहे.

घरगुती सण हवा असेल तर त्सागान सार, म्हणजे चांद्र नववर्ष. त्यावर कुणीतरी सविस्तर लिहा.