बडोद्यातील मराठी कुटुंबांवरील गटप्रकल्प : अभ्यासपूर्ण संदर्भ कोठे शोधावेत आणि ते कसे पारखावेत?

समाजशास्त्र_द्वितीय_वर्ष :
सर्वांना नमस्कार. आमच्या चौघांच्या गटाला ‘बडोद्यातील मराठी कुटुंबांत तीन पिढ्यांत झालेले बदल’ हा विषय मिळाला आहे. दांडिया बाजार परिसरातील काही कुटुंबांच्या मुलाखती आम्ही घेणार आहोत. पण त्याआधी किमान आठ अभ्यासपूर्ण संदर्भ वाचून त्यांचे मूल्यमापन लिहावे, अशी मॅडमांची अट आहे. इंटरनेटवर ‘एकत्र कुटुंबपद्धती मोडकळीस आली’ असे सांगणारे वृत्तपत्रीय लेख आणि परीक्षेच्या नोट्स भरपूर मिळतात. चॅटबॉटने दिलेल्या यादीतील दोन शोधनिबंधांचा तर कोठेच माग लागत नाही. कोणता संदर्भ ग्राह्य धरावा, हे कसे ठरवायचे?

निवृत्त_ग्रंथपाल :
ज्यांचा माग लागत नाही ते दोन्ही निबंध आजच यादीतून काढा. चॅटबॉट खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेला निबंधही बेमालूम रचून देतो, त्यामुळे नियतकालिकाच्या त्या अंकाची अनुक्रमणिका पाहिल्याशिवाय अशी नोंद स्वीकारू नये.

शोधाची सुरुवात मात्र घरातूनच करा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1950 च्या दशकात येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजशास्त्र विभागाची उभारणी केली आणि कुटुंबाविषयीच्या भारतीय समाजशास्त्रातील महत्त्वाच्या वादाचे दोन प्रमुख अभ्यासक, आय. पी. देसाई आणि ए. एम. शहा, याच विभागाशी संबंधित होते. देसाई यांचे सौराष्ट्रातील महुवा या छोट्या शहरावरील अभ्यासाचे पुस्तक 1964 चे, तर घरगटाविषयीचे (हाउसहोल्ड, म्हणजे एकत्र राहणारी माणसे) शहा यांचे पुस्तक 1973 चे आहे. एका छपराखाली न राहणारी भावंडेही मालमत्ता, परस्परांची कर्तव्ये आणि नातेसंबंध यांनी जोडलेली असू शकतात, असे देसाई मांडतात. शहा मात्र प्रत्यक्ष एकत्र राहणारा घरगट आणि व्यापक कुटुंब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा आग्रह धरतात. दांडिया बाजारातील घर विकून तीन भाऊ तीन सोसायट्यांत गेले, पण गणपती अजून थोरल्याकडेच बसतो, असे मुलाखतीत कोणी सांगितले, तर ते कुटुंब कोणत्या रकान्यात घालायचे याचा निर्णय तुम्हाला या दोघांना वाचल्यावरच करता येईल.

त्यानंतर ‘सोशियॉलॉजिकल बुलेटिन’ (1952 पासून) आणि ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशियॉलॉजी’ (1957 पासून) या समाजशास्त्रीय नियतकालिकांचे अंक विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात विचारावेत. गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या संकेतस्थळावर देसाई आणि शहा यांच्या पुस्तकांचा आधार पुढे कोणी घेतला, याचीही साखळी सापडते.

पीएचडी_करतोय :
काकांच्या म्हणण्याला एक जोड. नियतकालिक तज्ज्ञपरीक्षित आहे, म्हणजे छापण्याआधी त्यातील निबंध त्या विषयाचे जाणकार तपासतात, एवढ्यावर विसंबू नका. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2019 मध्ये सुरू केलेली मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे ‘केअर यादीत समाविष्ट’ हा शिक्का आता फारसे काही सांगत नाही. मी निष्कर्षाआधी अभ्यासपद्धतीचा भाग वाचतो: कोणाला विचारले, कोठे, कधी, किती जणांना आणि कसे निवडून. ‘शहरी कुटुंबे’ असे शीर्षक असलेला निबंध प्रत्यक्षात एकाच महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीवर उभा असेल, तर तो टाकून देण्याची गरज नाही. मात्र तो बडोद्याविषयी काही सिद्ध करतो, असे लिहू नका.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पीएचडीचे प्रबंध पूर्ण मिळतात. त्यांचा दर्जा फार कमीजास्त असतो (माझाही तेथेच जाणार आहे, म्हणून जपून बोलतो), पण पूर्वसाहित्याचा आढावा आणि संदर्भसूची यांसाठी ते उपयोगी आहेत.

वृत्तपत्रे बाद करू नका, त्यांची जागा बदला. ‘एकत्र कुटुंब मोडले’ हा लेख कुटुंबाच्या रचनेचा पुरावा नाही. लोक त्या बदलाविषयी कसे बोलतात, याचा तो पुरावा आहे.

समाजशास्त्र_द्वितीय_वर्ष :
मनःपूर्वक आभार. बडोदे संस्थानच्या जनगणना अहवालांना अभ्यासपूर्ण संदर्भ म्हणता येईल का? आणि वाचनाची वाटणी कशी करावी?

निवृत्त_ग्रंथपाल :
ते प्राथमिक साधन आहे. आठांत धरू नका, पण अवश्य वापरा. फक्त एक सावधगिरी बाळगा. जनगणनेतील घरगट म्हणजे सामान्यतः एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातील अन्न घेणारी माणसे. वेगळी चूल मांडलेला भाऊ वरच्या मजल्यावर राहत असला तरी तो दुसरा घरगट ठरतो. त्यामुळे घरगट लहान झाले, एवढ्यावरून देसाईंच्या अर्थाने कुटुंब मोडले असे म्हणता येत नाही.

वाटणी करताना प्रत्येक संदर्भ दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा आणि त्यातील ‘एकत्र कुटुंबा’ची व्याख्या, अभ्यासाचे ठिकाण, काळ व पद्धत यांची नोंद सामाईक तक्त्यात करावी. जेथे दोघांच्या नोंदी जुळणार नाहीत, ते पान चौघांनी एकत्र बसून वाचावे आणि मुलाखतींची प्रश्नावली त्यानंतरच पक्की करावी.