अँटीव्हायरसने अडवलेला गेम सुरक्षितपणे पुन्हा कसा सुरू करावा?

रानपाखरू:
अधिकृत दुकानातून विकत घेतलेला एक गेम माझ्या विंडोज ११ च्या संगणकावर कालच्या अपडेटपर्यंत व्यवस्थित चालत होता. आता ‘प्ले’ दाबले की फाइल सापडत नाही असा संदेश येतो. अँटीव्हायरसच्या सूचनेत गेमच्या मुख्य फाइलला ट्रोजन, म्हणजे उपयुक्त प्रोग्रामच्या वेशातला घातक प्रोग्राम, म्हटले आहे आणि ती फाइल फोल्डरमधून नाहीशी झाली आहे. अँटीव्हायरस बंद करून गेम चालवावा असे अनेक जण सुचवतात, परंतु याच संगणकावर बँकेची कामे होत असल्याने तो मार्ग मला नको आहे. फाइल खरोखर बाधित आहे की अँटीव्हायरसचा अंदाज चुकला आहे, हे कसे ओळखावे?

दीपस्तंभ:
अँटीव्हायरस बंद न करण्याचा तुमचा निर्णय अगदी योग्य आहे. नकल रोखण्यासाठी गेमच्या मुख्य फाइलवर अनेकदा संरक्षक आवरण चढवलेले असते, आणि आपला कोड लपवण्यासाठी व्हायरसही तसेच आवरण वापरतात. त्यातच अपडेटमुळे फाइल अगदी नवी, कोणाच्याही ओळखीची नसलेली झालेली असते, म्हणून केवळ साम्यावरून संशय घेतला जातो. विंडोजच्या अंगभूत अँटीव्हायरसमध्ये धोक्याच्या नावाअखेरीस ‘एमएल’ ही अक्षरे असतील, तर तो निष्कर्ष मशीन लर्निंगने, म्हणजे आधीच्या उदाहरणांवरून शिकलेल्या प्रणालीच्या अंदाजाने, काढलेला असतो. अशा निष्कर्षाची पडताळणी अवश्य करावी, पण तेवढ्यावरून फाइल निर्दोषही ठरवू नये.

विंडोज सिक्युरिटीतील ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये, किंवा तुमचा अँटीव्हायरस दुसरा असल्यास त्याच्या क्वारंटाइन यादीत (संशयित फाइली जिथे अलग ठेवल्या जातात तिथे), ती फाइल सापडेल. तेथून ती परत आणता येते, आणि परत आणणे म्हणजे चालवणे नव्हे. आणताच ती पुन्हा उचलली गेली, तर तपासणीपुरता गेमच्या फोल्डरला अपवाद द्यावा, म्हणजे अँटीव्हायरसने तो तपासू नये असे ठरवावे, आणि तोवर गेम उघडू नये. मग फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे फाइल कोणाची आहे आणि ती बदललेली नाही हे दाखवणारी खूण, पाहावी: ती निर्मात्याच्या नावाची आणि वैध असेल, तर तो चांगला पुरावा आहे, मात्र लहान निर्माते बऱ्याचदा स्वाक्षरी करतच नाहीत. त्यानंतर फाइल व्हायरसटोटलवर चढवावी, जिथे ती एकाच वेळी अनेक अँटीव्हायरसांकडून तपासली जाते. एखाद-दुसऱ्यानेच मोघम नावाने आक्षेप घेतला, तर बहुधा चूक अँटीव्हायरसची असते. अनेक नामांकित अँटीव्हायरस एकाच व्हायरसचे नाव घेत असतील, तर फाइल तत्काळ काढून टाकावी.

सांगाती:
वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. विंडोजच्या अपवादांमध्ये ‘फाइल’, ‘फोल्डर’, ‘फाइल टाइप’ आणि ‘प्रोसेस’ असे पर्याय असतात, आणि नेमका ‘प्रोसेस’ निवडल्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो, कारण त्या अपवादाने तो प्रोग्राम स्वतः सुटत नाही, तर तो उघडत असलेल्या फाइली तपासणीतून वगळल्या जातात. तुम्हाला ‘फाइल’ हवा आहे. सगळे गेम ज्या मोठ्या फोल्डरमध्ये असतात, त्याला अपवाद देणे टाळावे. तिथे उद्या काहीही येऊन बसले तरी ते तपासले जाणार नाही.

फाइल परत आणता आली नाही, तर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोग्राममध्ये गेमच्या गुणधर्मांतून फाइलींची अखंडता पडताळण्याची सोय आहे आणि हरवलेली फाइल तिथून पुन्हा उतरवली जाते. गेमची प्रत अनधिकृत, सुरक्षा तोडलेली असती, तर यांपैकी काहीही करण्याचा सल्ला मी दिला नसता, कारण तिथे ताडून पाहायला मूळ फाइलच हाताशी नसते.

रानपाखरू:
दोघांचेही आभार. स्वाक्षरी निर्मात्याचीच निघाली, व्हायरसटोटलवर एकाच अँटीव्हायरसचा आक्षेप होता, आणि त्या फाइलपुरता अपवाद दिल्यावर गेम सुरू झाला. तपासणीसाठी दिलेला फोल्डरचा अपवाद मी काढला आहे. परंतु आता गेममधील प्रगती जतन होत नाही.

सांगाती:
प्रगतीची फाइल ‘डॉक्युमेंट्स’मध्ये जात असेल, तर ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू आहे का, ते पाहावे. खंडणी मागणाऱ्या व्हायरसांपासून फोल्डरांचे रक्षण करणारी ही सोय अनोळखी प्रोग्रामला तिथे लिहू देत नाही. ती बंद न करता तिच्या परवानगीच्या यादीत केवळ हा गेम घालावा.

दीपस्तंभ:
शिवाय चुकीच्या निदानाची ही फाइल अँटीव्हायरस कंपनीच्या अधिकृत पानावरून तपासणीसाठी पाठवावी आणि गेमच्या निर्मात्यांनाही कळवावे. कंपनीने दुरुस्ती दिली, की तुम्ही दिलेला फाइलचा अपवाद काढून टाकावा. विंडोजमध्ये तो फाइलच्या जागेला दिलेला असतो, त्यामुळे पुढे त्या जागी बदललेली फाइल आली तरी ती न तपासता सोडली जाईल.