विजापूरच्या जामा मशिदीचा घुमट खांबाशिवाय उभा कसा राहिला ओ?

होटगीरोडवाला:
रविवारी विजापूरला गेलतो. आपल्या सोलापूरपासून शंभर किलोमीटर, गोलघुमट तर दरवेळी बघतो म्हणून यावेळी जामा मशीद निवांत बघितली. आत पांढऱ्या कमानींच्या रांगा, नक्षी जवळपास नाहीच, चालत चालत मध्ये आलो तर खांबच गायब, आणि वर हा एवढा घुमट! खाली चौकोन आणि वर गोल, मग कोपऱ्यांचं वजन जातं कुठं? गाईडला विचारलं तर म्हणतो चुन्यात गूळ आणि उडदाची डाळ घातलीय म्हणून टिकलाय. मला काय पटलं नाही. कुणी सिव्हिलवाला आहे का इथं?

साईटवरचा:
आहे की. चुना चांगला मळलेला असला तर फायदा होतोच, पण घुमट धरलाय तो कमानींच्या मांडणीनं. घरी करून बघा. दोन पंचे घ्या, चौकोनी घडी घाला, एकावर एक ठेवा आणि वरचा ४५ अंशात फिरवा. आठ टोकांची चांदणी दिसेल आणि मधोमध अष्टकोन. आता पंच्यांच्या कडा म्हणजे कमानी समजा. आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, वर अष्टकोनी कडं तयार होतं आणि त्याच्यावर गोल बसतो. घुमटाचा जोर सतत बाहेर असतो, तर या कमानींमधला भाग आत झुकलेला ठेवलाय, त्याचं वजन आत ओढतं, म्हणून भिंती फाकत नाहीत. मला तर ही मशीद गोलघुमटाची तालीम वाटते ओ, हिचं काम १५७६ च्या सुमारास पहिल्या अली आदिलशहानं काढलं आणि गोलघुमट पुरा झाला १६५६ ला. युक्ती तीच, माप भलतंच मोठं.

शुक्रवारपेठ:
नक्षी नाही कसं म्हणता, मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, बघितलाच नाही वाटतं! सोन्याचं आणि रंगाचं काम आहे, १६३६ चं, मुहम्मद आदिलशहाच्या वेळचं. जमिनीवर नमाजासाठी एकेका माणसाच्या चौकटी आखल्यात, सव्वादोन हजारांच्या आसपास, त्या औरंगजेबाच्या वेळच्या म्हणतात. आणि सकाळी जात जा हो, अंगण पूर्वेला आहे, कोवळं ऊन कमानींमधून आतपर्यंत येतं. शुक्रवारी दुपारी नको, नमाजाची गर्दी असते.

बार्शीकर:
विजापूर झालं असेल तर गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली मशीद बघा, १३६७ ची, बहमनींची. तिला अंगणच नाही, सगळी वरून झाकलेली, उजेड येतो तो बाजूच्या कमानींतून. आत कमानी एवढ्या रुंद आणि बुटक्या की आपण वाकूनच चालतोय असं वाटतं. मला विजापूरपेक्षा तीच आवडली, कुणाला राग आला तर येऊ दे.

होटगीरोडवाला:
मेहराबासमोर पडदा होता ओ, म्हणून राहिलं. पंच्याचं करून बघितलं, जमलं, चांदणी आली! आई म्हणाली आत्ताच घड्या घातलेल्या, आता तूच परत घाल. गुलबर्ग्याला पुढच्या रविवारी निघतो, सोलापूर स्टेशनवरनं सकाळची कुठली गाडी बरी पडंल?